पोकिप्सीचा स्कूल डिस्ट्रिक्ट: एका छोट्या शहराच्या सार्वजनिक शाळा कशा चालतात

हडसनकाठ (धागाकर्ती)

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून सुटणारी मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन नदीच्या कडेकडेने उत्तरेला येते आणि पोकिप्सीला संपते. २०२० च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या साडेएकतीस हजारांच्या आसपास आहे. आम्ही अकरा वर्षांपूर्वी इथे आलो. आमची मुलगी किंडरगार्टनपासून शहराच्याच सार्वजनिक शाळांत शिकते आहे. दर वर्षी मार्च-एप्रिल आला की आयबीएममध्ये रुजू होणाऱ्या नव्या मराठी कुटुंबांचे निरोप येऊ लागतात आणि प्रश्न नेहमी एकच असतो: कोणता डिस्ट्रिक्ट चांगला? त्यावर आमच्याच मंडळींकडून मिळणारे उत्तरही ठरलेले असते: "पोकिप्सी सिटी सोडून कुठलाही." हे उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी या डिस्ट्रिक्टच्या एकाही शाळेच्या पायऱ्या चढलेल्या नसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हा डिस्ट्रिक्ट म्हणजे नेमके काय आहे, तो कसा चालतो आणि त्याच्यासमोरच्या अडचणी कुठून आल्या, हे मला जेवढे समजले आहे तेवढे इथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी शब्दाविषयी. 'डिस्ट्रिक्ट' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा येतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. न्यूयॉर्क राज्यात स्कूल डिस्ट्रिक्ट हे शाळांपुरते स्वतंत्र स्थानिक सरकार असते. त्याची हद्द वेगळी असते, निवडून आलेले मंडळ (बोर्ड) वेगळे असते, अंदाजपत्रक वेगळे असते आणि मालमत्ता कर आकारण्याचा अधिकारही त्याचा स्वतःचा असतो. महापौर आणि शहराची कौन्सिल यांचा शाळांच्या कारभाराशी थेट संबंध येत नाही. न्यूयॉर्क, बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज आणि याँकर्स ही पाच मोठी शहरे याला अपवाद आहेत. तिथल्या शाळांचा पैसा शहराच्या तिजोरीतून येतो. सव्वा लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांतील डिस्ट्रिक्टांना कायद्यात 'स्मॉल सिटी स्कूल डिस्ट्रिक्ट' असे खास नाव आहे. राज्यात असे ५७ डिस्ट्रिक्ट असून पोकिप्सी त्यांपैकी एक आहे.

आता हद्द. पोकिप्सी नावाचे शहर आहे आणि त्याला तिन्ही बाजूंनी वेढणारे पोकिप्सी नावाचेच 'टाउन', म्हणजे शहराहून वेगळा स्थानिक कारभार असलेला भाग, आहे. चौथ्या बाजूला नदी आहे. टपालाचा पत्ता दोन्हीकडे 'पोकिप्सी' असाच लिहितात. पण पत्त्यावर पोकिप्सी असलेले घर सिटीच्या, आर्लिंग्टनच्या, स्पॅकनकिलच्या, हाइड पार्कच्या किंवा वॉपिंगर्सच्या डिस्ट्रिक्टमध्ये असू शकते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची मुले दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टच्या बसची वाट पाहत उभी असतात. ही रेषा जमिनीवर कुठेही रंगवलेली नाही, पण तिच्यामुळे काय घडते ते कराच्या आकड्यांत स्वच्छ दिसते.

१९४१ मध्ये आयबीएम इथे आली. रूट ९ वरचा तिचा प्रचंड कारखाना, जिथे आजही मेनफ्रेम संगणक तयार होतात, शहराच्या हद्दीबाहेर स्पॅकनकिल डिस्ट्रिक्टमध्ये येतो. त्याच रस्त्यावरचा मोठा मॉलही हद्दीबाहेरच आहे. शहराच्या आत काय उरते? पोकिप्सी हे डचेस काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मुख्य ठिकाण असल्यामुळे काउंटीची कचेरी आणि न्यायालय आत आहे, मोठे रुग्णालय आत आहे, चर्चेस आहेत, गरजूंसाठीच्या संस्था आहेत. या सगळ्यांचा आजूबाजूच्या गावांना उपयोग होतो, पण त्यांपैकी बहुतेकांकडून मालमत्ता कर मिळत नाही. त्यामुळे शहरातली साधी घरे आणि छोटी दुकाने यांच्यावर कराचा भार पडतो. आठ-दहा मिनिटांच्या अंतरावरच्या स्पॅकनकिलमध्ये अवघ्या चार शाळा आहेत आणि त्यांच्यामागे आयबीएमची करपात्र मालमत्ता उभी आहे. सिटीत विद्यार्थी चार हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांच्यातल्या गरीब घरांच्या मुलांचे प्रमाण शेजारच्या कोणत्याही डिस्ट्रिक्टपेक्षा खूप अधिक आहे.

शाळांची रचना सरळ आहे. क्लिंटन, क्रीगर, मोर्स आणि वॉरिंग या प्राथमिक शाळा, त्यानंतर सर्वांसाठी एकच मिडल स्कूल आणि एकच हायस्कूल. एकच हायस्कूल असणे ही मला मोठी जमेची बाजू वाटते. शहराच्या उत्तर टोकाची मुले आणि दक्षिण टोकाची मुले शेवटी एकाच वर्गात येतात. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती शहरात आहे, त्यामुळे मुख्य रस्त्यावर जेवढे इंग्रजी ऐकू येते तेवढेच स्पॅनिश. माझ्या मुलीने दुसरीत असताना मैत्रिणीच्या आईशी बोलता यावे म्हणून स्पॅनिश अंक पाठ केले होते, आणि त्या माऊलीने तिला आमच्या दारात उभे राहून विसापर्यंत म्हणायला लावले होते.

आणखी एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयबीएमला जाणाऱ्या रूट ९ लाच लागून पोकिप्सी रूरल सिमेटरी आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या, त्यानंतर त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांच्या मानलेल्या मावशीकडे, थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत इथे ठेवल्या. नवीन आलेली मराठी कुटुंबे तिथे आवर्जून जातात, दगडावरची अक्षरे वाचतात, फुले ठेवतात, फोटो काढतात. शिकण्यासाठी सातासमुद्रापार आलेल्या त्या बाईंची आठवण ज्या शहरात जपली आहे, त्या शहरातल्या मुलींच्या शाळेबद्दल "तिकडे बघूच नका" असे आपणच म्हणावे, हे मला पटत नाही.

---

नवखी_पालक

नमस्कार. सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. आम्ही जूनमध्ये तिकडे येत आहोत, मुलगा सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल. मी घर शोधण्याच्या संकेतस्थळांवरचे शाळांचे दहापैकी गुण पाहून याद्या केल्या होत्या. तुमच्या लेखामुळे प्रश्न पडला आहे की ते गुण नेमके कशाचे असतात. आणि दुसरे असे की, मुलाच्या शिक्षणाच्या बाबतीत कोणताही धोका पत्करायला मन धजत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

---

केतकीवन

मी स्पॅकनकिलमध्ये नऊ वर्षे राहते आणि हा निर्णय आम्ही विचारपूर्वक घेतला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. हडसनकाठ, तुमची तळमळ समजते. पण पोकिप्सी सिटीतून हायस्कूल पूर्ण करणाऱ्या मुलांचे प्रमाण अनेक वर्षे राज्याच्या सरासरीपेक्षा खाली राहिले आहे, ही नाकारण्यासारखी गोष्ट नाही. हद्दीची रेषा अन्यायाची असेल, पण ती मी आखलेली नाही, आणि तिची भरपाई माझ्या मुलाने करावी अशी अपेक्षाही योग्य नाही. परदेशात आलेल्या माणसाला नातेवाइकांचा आधार नसतो, चूक झाली तर सावरायला कोणी नसते. अशा वेळी तो सुरक्षित वाटेने जातो. त्याला दोष देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

---

हडसनकाठ

केतकीवन, तुमचा निर्णय चुकीचा आहे असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. आईने आपल्या मुलाचा विचार आधी करावा, त्यात काहीही वावगे नाही. हायस्कूलच्या निकालांबद्दलही तुमचे बरोबर आहे. माझा आग्रह फक्त एवढाच आहे की निर्णय घेताना आपण काय मोजतो आहोत हे माहीत असावे.

नवखी_पालक, त्या गुणांचा मोठा भाग राज्याच्या चाचण्यांच्या निकालांवर आधारलेला असतो आणि ते निकाल घरच्या उत्पन्नाशी घट्ट बांधलेले असतात. दोन महिन्यांपूर्वी ग्वातेमालाहून आलेला, अजून इंग्रजीत वाक्य न जुळणारा मुलगा आणि आयबीएममधल्या अभियंत्याचा मुलगा यांची सरासरी काढली, तर ती सरासरी दोघांपैकी एकाचेही वर्णन करत नाही. तुमच्या मुलाला वाचायला कोण शिकवणार आहे, ती शिक्षिका त्या शाळेत किती वर्षे आहे, शाळेत वाचनासाठी वेगळी मदत करणारी व्यक्ती आहे का, हे प्रश्न गुणांच्या चौकटीत दिसत नाहीत. ते शाळेत जाऊन विचारावे लागतात, आणि विचारले तर उत्तर मिळते.

आमचा अनुभव एका प्रसंगापुरता सांगते. मुलगी पहिलीत असताना तिला अक्षरे उलटसुलट दिसत होती. तिच्या वर्गशिक्षिकेने ऑक्टोबरमध्येच आम्हाला बोलावले, छोट्या लाकडी टेबलाशी बसवले आणि मुलीने लिहिलेली चार पाने तारखेप्रमाणे एकाखाली एक मांडून दाखवली. पहिल्या पानावर 'बी' आणि 'डी' दोन्ही एकाच दिशेला तोंड करून होते. चौथ्यावर तिने प्रत्येक 'बी'खाली पेन्सिलीने बारीक ठिपका दिला होता, म्हणजे तिने स्वतःच स्वतःसाठी खूण शोधून काढली होती. ते आम्हा दोघांच्याही लक्षात आले नव्हते. वर्गात तेव्हा तेवीस मुले होती. डिस्ट्रिक्टच्या नावापुढे कोणता आकडा आहे हे त्या दिवसानंतर मी कधी पाहिले नाही.

---

इथाका_पठार

या धाग्यात भर घालावीशी वाटते, कारण आम्हीही एका 'स्मॉल सिटी' डिस्ट्रिक्टमध्येच राहतो. इथाका हे कॉर्नेल विद्यापीठाचे गाव, वस्ती ३२ हजारांच्या घरात. आमच्या डिस्ट्रिक्टची हद्द मात्र शहरापुरती नाही. आजूबाजूची खेडी, शेते, टेकड्या त्यात येतात, त्यामुळे प्राध्यापकांची मुले आणि शेतकऱ्यांची मुले एका हायस्कूलमध्ये शिकतात. विद्यापीठाची जमीन करमुक्त असल्याने पैशाचा पेच आमच्याकडेही आहे आणि विद्यापीठाने शाळांना स्वेच्छेने किती द्यावे यावर दर वर्षी वाद होतो.

मला सांगायचे आहे ते अंदाजपत्रकाच्या मतदानाबद्दल. न्यूयॉर्कमध्ये मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी मतदार शाळांच्या अंदाजपत्रकावर थेट मत देतात. शाळेच्या जिमखान्यात किंवा ग्रंथालयात मतदान केंद्र असते, आणि त्याच दिवशी बोर्डाचे सदस्यही निवडले जातात. हे मतदान म्हणजे औपचारिकता असते असे मी बरीच वर्षे समजत होतो. मे २०२४ मध्ये आमच्या लोकांनी सुमारे १६ कोटी ८० लाख डॉलरचे अंदाजपत्रक मोठ्या फरकाने फेटाळले. घरांची मूल्यांकने एकदम वाढली होती, लोक कराने हैराण झाले होते. बोर्डाने ते सुमारे १६ कोटी ३० लाखांपर्यंत खाली आणले आणि जूनच्या फेरमतदानात ते मंजूर झाले. दुसऱ्यांदाही फेटाळले गेले असते तर कायद्याप्रमाणे कराची एकूण रक्कम मागच्या वर्षाइतकीच ठेवून 'कंटिन्जन्सी' अंदाजपत्रकावर काम चालवावे लागले असते. मधल्या चार आठवड्यांत कोणते शिक्षक जाणार, कोणता संगीतवर्ग बंद होणार, यावर गावात इतक्या तळमळीने चर्चा झाल्या की सार्वजनिक शाळा 'सार्वजनिक' का म्हणायच्या ते मला त्या महिन्यात खऱ्या अर्थाने कळले.

---

हडसनकाठ

इथाका_पठार, हे लिहिले ते फार चांगले केलेत. यात २०११ च्या कर-मर्यादेच्या कायद्याची भर घालते. डिस्ट्रिक्टला मालमत्ता कराची एकूण वसुली साधारणपणे दोन टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक वाढवता येत नाही. वाढवायची असेल तर मतदानात ६० टक्के पाठिंबा लागतो. श्रीमंत डिस्ट्रिक्टमध्ये दोन टक्के म्हणजे भरपूर रक्कम होते. आमच्याकडे दोन टक्क्यांत दोन-चार शिक्षकांचे पगार निघाले तरी पुष्कळ.

म्हणूनच राज्याकडून येणाऱ्या मदतीला इतके महत्त्व आहे. पोकिप्सी सिटीच्या अंदाजपत्रकाचा निम्म्याहून अधिक भाग राज्य देते. ही मदत वाटण्याचे 'फाउंडेशन एड' नावाचे सूत्र २००७ मध्ये तयार झाले. न्यूयॉर्क शहराच्या पालकांनी लढवलेल्या मोठ्या खटल्यानंतर ते झाले. सूत्र चांगले होते, कारण त्यात गरीब मुलांची आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची संख्या मोजली जात होती. पण लगेच २००८ ची मंदी आली, वाढ गोठवली गेली, वर कपातही झाली, आणि सूत्राने जे कबूल केले होते ते कागदावरच राहिले. त्याच वर्षी आठ छोट्या शहरांतल्या पालकांनी राज्यावर खटला भरला: जेम्सटाउन, किंगस्टन, माउंट व्हर्नन, न्यूबर्ग, नायगरा फॉल्स, पोर्ट जर्व्हिस, युटिका आणि आमचे पोकिप्सी. 'मेस्टो' या नावाने तो ओळखला जातो. राज्यघटनेत प्रत्येक मुलाला मूलभूत चांगले शिक्षण देण्याची जी हमी आहे ती या शहरांत पाळली जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने दोनदा दावा फेटाळला. अपिलात एकदा प्रकरण परत पाठवले गेले आणि अखेर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. तेरा वर्षे गेली. खटला दाखल झाला तेव्हा किंडरगार्टनमध्ये असलेले मूल तोवर हायस्कूलमधून बाहेर पडले. त्याच वर्षी राज्याने सूत्राप्रमाणे पूर्ण रक्कम तीन वर्षांत देण्याचे ठरवले आणि २०२३-२४ मध्ये ते पूर्ण केले.

इमारतींची वेगळीच गोष्ट आहे. छोट्या शहरांच्या डिस्ट्रिक्टवर राज्यघटनेनेच कर्जाची खास मर्यादा घातली होती: करपात्र मालमत्तेच्या मूल्याच्या पाच टक्के. बाकीच्या डिस्ट्रिक्टना मर्यादा दहा टक्के. ज्यांच्या इमारती सर्वांत जुन्या, त्यांनाच छप्पर बदलायला कर्ज कमी, अशी ही अवस्था कित्येक दशके होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यभर सार्वमत होऊन ही अट काढून टाकण्यात आली. आमच्या मराठी गटात त्या दिवशी या विषयावर एक शब्दही कोणी बोलले नाही. मतपत्रिकेवरचा तो पहिलाच प्रश्न होता.

---

नगरशाळा_सातारा

मी महाराष्ट्रात नगरपरिषदेच्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षे शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मुलगा न्यू जर्सीत आहे, त्यामुळे हा धागा आवडीने वाचतो आहे. आपल्याकडेही पूर्वी नगरपालिकांची शिक्षण मंडळे होती. त्यांचा कारभार काही ठिकाणी चांगला होता आणि काही ठिकाणी बदल्या व खरेदी यांपलीकडे गेला नाही. २०१३ मध्ये राज्याने ती मंडळे रद्द केली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. माझ्या शाळेत समितीच्या बैठकीला धुणीभांडी करणाऱ्या बायका कामावरून थेट येत, पदर खोचून बसत आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब नेमका विचारत. पण पैशावर त्या समितीचा अधिकार फारच थोडा.

मला कुतूहल आहे ते कराचे. आपल्या घरपट्टीच्या बिलावरही 'शिक्षण कर' अशी ओळ असते. तो १९६२ च्या कायद्याने राज्यासाठी वसूल केला जाणारा उपकर आहे. आजवर कोणी नागरिकाने त्या ओळीकडे बोट दाखवून "याचे काय झाले?" असे विचारलेले मी पाहिले नाही. तुमच्याकडे माणूस स्वतःचा कर किती वाढावा यावर मत देतो, ही कल्पनाच मला नवी आहे. त्यातून गरीब वस्तीचे नुकसान होते हेही तुमच्या लेखनावरून दिसते. घरपट्टीवर शाळा चालणार असेल तर झोपडपट्टीच्या शाळेला खडूही मिळणार नाही. आपल्याकडे शिक्षकाचा पगार राज्य देते, त्यामुळे निदान सातारा आणि गडचिरोली येथील शिक्षकाला वेतनश्रेणी एकच मिळते. ही आपल्या पद्धतीची चांगली बाजू म्हणायला हवी.

---

हडसनकाठ

सर, तुमचा शेवटचा मुद्दा अगदी योग्य आहे. इथे शिक्षकांचे वेतन प्रत्येक डिस्ट्रिक्टचे बोर्ड आणि शिक्षक संघटना यांच्या करारात ठरते. त्यामुळे आमच्याकडे चार-पाच वर्षे हात बसलेला शिक्षक शेजारच्या डिस्ट्रिक्टने अधिक पगार देऊ केला की निघून जातो. त्याचे घरही बदलत नाही, फक्त सकाळी गाडी दुसरीकडे वळते.

तुम्हाला शिक्षणाच्या इतिहासात रस असेल म्हणून एक आठवण. १८७३ ते १८९८ या काळात 'पोकिप्सी प्लॅन' नावाची व्यवस्था देशभर चर्चेत होती. इथल्या बोर्डाने कॅथलिक चर्चच्या शाळांच्या इमारती वर्षाला एक डॉलर भाड्याने घेतल्या, तिथल्या शिक्षकांचे पगार सार्वजनिक पैशातून दिले आणि शाळेच्या तासांत धर्मशिक्षण होणार नाही असे ठरवले. पंचवीस वर्षांनी राज्याच्या शिक्षण अधीक्षकांनी ती व्यवस्था बंद केली. सार्वजनिक शाळा नेमकी कोणाची, हा वाद या गावाला नवा नाही.

---

शब्दांकुर

मी याच भागात इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना, म्हणजे ईएनएलच्या वर्गांना शिकवते. नवखी_पालक यांच्यासाठी नोंदणीच्या दिवसाबद्दल थोडे सांगते, कारण त्या दिवशी आपली मराठी मंडळी हमखास एक गोष्ट करतात आणि ती करू नये असे मला वाटते.

नोंदणीच्या कागदांत 'होम लँग्वेज क्वेश्चनेअर' असते. घरात कोणती भाषा बोलतात, मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलले, कोणत्या भाषेत ते समजून घेते, असे प्रश्न त्यात असतात. पुष्कळ पालक घरात दिवसभर मराठी बोलत असूनही तिथे 'इंग्लिश' लिहितात, कारण मुलाला 'कच्च्या' गटात टाकतील अशी भीती असते. माझ्यासमोर एक वडील बसले होते. त्यांनी आधी 'मराठी' लिहिले, शेजारी बसलेल्या गृहस्थांनी हळूच काही सांगितले, तसे त्यांनी ते खोडून 'इंग्लिश' लिहिले. खोडलेल्या अक्षरांवरची शिरोरेखा मात्र तशीच राहिली होती. त्यांनी देवनागरीतच लिहिले होते. मी त्यांना दुसरा कोरा कागद दिला.

त्यापुढे काय होते ते सांगते, म्हणजे भीती राहणार नाही. घरात दुसरी भाषा आहे असे दिसले तर प्रशिक्षित शिक्षक मुलाशी आणि पालकांशी बोलतात. त्यानंतर गरज वाटली तरच 'नायसिटेल' ही चाचणी होते. हे सर्व दहा शालेय दिवसांत पूर्ण व्हावे लागते. मूल इंग्रजीत पुरेसे तयार असेल तर ते सर्वसाधारण वर्गात जाते आणि विषय संपतो. नसेल तर त्याच वर्गात राहून त्याला ईएनएलची जादा मदत मिळते, आणि दर वसंतात दुसऱ्या चाचणीने त्याची प्रगती पाहिली जाते. हा हक्क आहे आणि तो विनामूल्य आहे. निर्णय चुकला असे वाटल्यास ४५ शालेय दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते. एका इयत्तेत एकाच घरभाषेची वीस मुले असतील तर द्विभाषिक वर्गाचीही तरतूद आहे. पोकिप्सीसारख्या ठिकाणी स्पॅनिशसाठी ती उपयोगी पडते. मराठीची वीस मुले एका इयत्तेत मिळणे अवघड आहे, पण आपण नावच लिहिले नाही तर आपली भाषा या शाळांत आहे हे कोणाला कळणारही नाही.

शाळेला तुमच्या व्हिसाची कागदपत्रे मागण्याचा अधिकार नाही, हेही लक्षात ठेवा. मूल कोणत्याही कागदांवर या देशात आलेले असो, त्याला सार्वजनिक शाळेत प्रवेश द्यावाच लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

---

केतकीवन

शब्दांकुर, तुम्ही लिहिलेले वाचून थोडा वेळ थांबले. मीही तेच 'इंग्लिश' लिहिले होते. आमच्या मुलाला वर्गात तोंड उघडायला पहिले सहा महिने लागले आणि तेव्हा त्याला मदत मिळाली असती तर ते सहा महिने सोपे गेले असते.

हडसनकाठ, एक खरा प्रश्न आहे. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. मतदान करता येत नाही. मग बोर्डाच्या सभांना जाऊन उपयोग काय?

---

हडसनकाठ

उपयोग आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. शाळांच्या मतदानासाठी नागरिकत्व, वय १८ आणि डिस्ट्रिक्टमध्ये ३० दिवसांचे वास्तव्य लागते, पण सभेला बसण्यासाठी यांपैकी काहीच लागत नाही. बोर्डाच्या सभा खुल्या असतात आणि बहुतेक ठिकाणी सामान्य लोकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो. नाव नोंदवायचे आणि ठरवून दिलेल्या दोन-तीन मिनिटांत आपले म्हणणे मांडायचे. छोट्या शहरांच्या बोर्डात कायद्याने पाच, सात किंवा नऊ सदस्य असतात, आमच्याकडे पाच आहेत. ते पगारी नसतात. दिवसभर आपापली नोकरी करून संध्याकाळी तिथे बसतात, आणि समोरच्या खुर्च्या बहुतेक वेळा रिकाम्या असतात. अशा खोलीत तयारी करून बोललेल्या एका पालकाचेही वजन पडते. तीन वर्षांपूर्वी एका सभेत मेक्सिकन आयांचा एक गट आला होता. त्यांच्यापैकी एकीलाही मताचा अधिकार नव्हता. हिवाळ्यात लहान मुलांना थांब्यापर्यंत फार चालावे लागते, एवढीच त्यांची तक्रार होती. एकीने बर्फात उभ्या असलेल्या आपल्या मुलाचा फोटो मोठा छापून आणला होता आणि तो ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. बोलली तिची मैत्रीण. शहरांतल्या डिस्ट्रिक्टवर बस देण्याचे कायदेशीर बंधन इतर डिस्ट्रिक्टइतके नाही, त्यामुळे बोर्डाला नाही म्हणता आले असते. त्यांनी तो विषय पुढच्या सभेच्या कामकाजात घेतला.

भाड्याने राहणारेही कर भरत असतात, घरमालकाच्या हातून. त्यामुळे "आम्ही पाहुणे आहोत" असे मानायचे कारण नाही.

---

नवखी_पालक

सर्वांचे मनापासून आभार. काल मजेशीर योगायोग झाला. आम्ही ज्या घराचे भाडे ठरवत होतो ते 'सिटीत' आहे असे समजून मी आठवडाभर या धाग्यावर विचार करत होते. दलालानेही तसेच सांगितले होते. काल काउंटीच्या संकेतस्थळावर जमिनीच्या तुकड्यांच्या नकाशात पत्ता टाकून पाहिला, तर घर पोकिप्सी टाउनमध्ये आणि डिस्ट्रिक्ट आर्लिंग्टन. सिटीची हद्द दोन गल्ल्या पुढे सुरू होते. सिटीच्या हद्दीत त्याच भाड्यात दुसरे घर आहे, खोल्या मोठ्या आहेत आणि प्राथमिक शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शनिवारी नवरा तिकडे जाणार आहे, तो दोन्ही घरे पाहील. त्याला मी सांगितले आहे की शाळा बंद असली तरी बाहेरून पाहून ये. मुलगा ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा होईल, म्हणजे सप्टेंबरात किंडरगार्टनला बसेल ना?

---

शब्दांकुर

बसेल. १ डिसेंबरपर्यंत पाच पूर्ण होत असतील तर त्याच वर्षी प्रवेश मिळतो.

---

हडसनकाठ

शनिवारी शाळा बाहेरून पाहण्यापेक्षा यजमानांना शुक्रवारी दुपारी येता आले तर पाहा. सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहिले की पुष्कळ कळते: शिक्षक मुलांना नावाने हाक मारतात का, मोठी मुले लहानांना रस्ता ओलांडून देतात का, आजीआजोबा किती येतात. मी शुक्रवारी मोकळी असते, मी त्यांच्याबरोबर येईन. जूनमध्ये याल तेव्हा घर कोणतेही घ्या, भाडेकरार, मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरणाचे कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, बोटीने येणाऱ्या सामानात टाकू नका. भारतातल्या कार्डावरच्या तारखा डॉक्टरांकडून इंग्रजीत उतरवून आणल्या तर नोंदणीच्या टेबलावर वेळ वाचतो. भाषेच्या रकान्यात काय लिहायचे ते शब्दांकुर यांनी सांगितलेच आहे.